‘रिंगू’मधली टेप: सात दृश्यं, त्यातली पाच सुटतात

प्रश्न थोडक्यात असा: हिदेओ नाकाता यांचा १९९८चा ‘रिंगू’ दोनदा बघून झाला, गोष्ट समजली, पण त्यातल्या शापित व्हिडिओ टेपवरची (जी बघणारा आठवडाभरात मरतो) दृश्यं डोक्यावरून गेली. आरशासमोर केस विंचरणारी बाई कोण? वळवळणारी अक्षरं कशाची? सरपटणारी माणसं कोण, आणि डोक्यावर कापड घेतलेला तो माणूस बोट नेमकं कुठे दाखवतोय? या सगळ्याला खरंच अर्थ आहे, की नुसतं घाबरवायला घातलंय?

दोन्ही आहे. टेपवर मोजून सात दृश्यं आहेत. त्यातली पाच चित्रपटच उलगडून देतो. एक कधीच उलगडत नाही. आणि एक असं आहे की ते पात्रांच्या हातून निसटतं आणि बहुतेक प्रेक्षकांच्याही. चित्रपटाचा शेवट त्या एकावर उभा आहे. पुढे शेवट फुटणार आहे, त्यामुळे ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी आधी दीड तास काढावा.

पहिला घोळ इथे होतो की आपण नक्की कोणत्या ‘रिंगू’बद्दल बोलतोय ते ठरलेलं नसतं. कोजी सुझुकी यांची कादंबरी १९९१ची. चित्रपट ३१ जानेवारी १९९८ला आला, आणि त्याच दिवशी, त्याच तिकिटावर ‘रासेन’ हा त्याचा पुढचा भागही दाखवला गेला. ‘रासेन’ लोकांना रुचला नाही, म्हणून १९९९ मध्ये तो झाला नव्हता असं समजून ‘रिंगू २’ काढला. मग २००२चा अमेरिकन रिमेक. लोकांच्या आठवणीत या सगळ्यांची खिचडी झालेली असते. फोनवर कुजबुजत सांगितलेले ‘सात दिवस’ रिमेकमधले. मूळ चित्रपटात फोन वाजतो आणि रिसीव्हरमधून फक्त टेपवरचाच तो धातू घासल्यासारखा कर्कश आवाज येतो. घोडे रिमेकमधले. ‘मुलगी विहिरीत सात दिवस जिवंत होती, म्हणून सात दिवसांची मुदत’ हा खुलासाही रिमेकचाच. ‘रिंगू २’ तर म्हणतो की ती आत तीस वर्षं जिवंत होती. आणि १९९८च्या चित्रपटात आठवडाच का, याचं उत्तर नाहीच. कादंबरीत शापाचं नातं देवीच्या विषाणूशी जोडलंय, टेपवरची दृश्यं वेगळी आहेत, आणि टीव्हीतून कोणी बाहेरही येत नाही. तेव्हा एका कृतीतला खुलासा दुसऱ्या कृतीतल्या दृश्याला चिकटवू नका. अर्थ लावण्यातल्या निम्म्या चुका तिथेच संपतात.

आता टेप. एक कागद घ्या, सात आडव्या ओळी आखा आणि प्रत्येकीला तीन रकाने करा: काय दिसतं, काय ऐकू येतं, आणि चित्रपटात पुढे हे पुन्हा कुठे येतं. ‘याचा अर्थ काय’ असा चौथा रकाना मुद्दाम करायचा नाही. तिसरा रकाना भरला की चौथ्याची गरज बहुतेक वेळा उरत नाही, आणि तिसरा रिकामा असताना चौथ्यात जे लिहाल ते तुमच्या मनातलं असेल, चित्रपटातलं नाही. टेप जेमतेम मिनिटभराची आहे. पहिल्यांदा न थांबता बघा, दुसऱ्यांदा आवाज बंद करून, तिसऱ्यांदा चित्र न बघता फक्त ऐका. चित्रपटातली पत्रकार रेइको, जी या टेपचा शोध घेते, आणि तिचा घटस्फोटित नवरा र्‍यूजीसुद्धा टेपची चिरफाड साधारण अशीच करतात, एकेक फ्रेम थांबवून.

पहिलं दृश्य: काळोखात एक उजळ गोल, त्यात सरकणारे ढग. सगळ्यांना तो चंद्र वाटतो. मग कडेला कोणीतरी डोकावल्यासारखं दिसतं. चित्रपट संपताना कळतं की हा विहिरीच्या तळातून दिसणारा आभाळाचा तुकडा आहे आणि डोकावणारा म्हणजे, जिचं भूत या टेपमागे आहे त्या सादाकोला जिवंतपणी आत ढकलणारा मारेकरी, तिच्या आईवर अतींद्रिय शक्तीचे प्रयोग करणारा डॉ. इकुमा. म्हणजे टेपचा पहिलाच शॉट सांगतो की हा कॅमेरा कोणाचा आहे. जपानी भयपटाच्या त्या पिढीचे पटकथाकार चिआकी कोनाका यांनी भयपट लिहिण्याचे काही नियम मांडलेत. त्यातला एक असा की भुताच्या नजरेतून शॉट घ्यायचा नाही. भूत काय बघतं हे कळलं की ते आपल्यातलं होतं आणि भीती जाते. ‘रिंगू’ हा नियम बाहेर सगळीकडे पाळतो आणि या एका मिनिटात मोडतो. म्हणून टेप बघताना जी अस्वस्थता येते ती दृश्यांइतकीच, आपण कोणाच्या डोळ्यांनी बघतोय त्याची असते.

दुसरं दृश्य: लंबगोल आरशासमोर केस विंचरणारी बाई. ही सादाकोची आई, शिझुको. पण इथे बाईकडे नाही, आरशाकडे बघा. मध्येच आरसा क्षणभर भिंतीच्या दुसऱ्या बाजूला उडी मारतो आणि त्यात पांढऱ्या कपड्यातली, लांब केसांची मुलगी दिसते. आरसा परत जागेवर येतो तेव्हा बाई त्या दिशेला वळून किंचित हसते. र्‍यूजीला इथे एक गोष्ट खटकते: या कोनातून चित्रण केलं असेल तर चित्रण करणारा आरशात दिसायला हवा, आणि तो नाही. याला प्रतीक वगैरे काही म्हणायचं नाही, हा सरळ पुरावा आहे. टेप कॅमेऱ्यानं केलेलीच नाही. तोच आरसा पुढे ओशिमा बेटावरच्या यामामुरा कुटुंबाच्या सराईत प्रत्यक्ष दिसतो. तिसरा रकाना भरला.

केस विंचरण्याबद्दल मात्र थोडं थांबायला हवं, कारण इथे जपानी प्रेक्षकाला जे आपोआप दिसतं ते आपल्याला दिसत नाही. चौथा नांबोकू त्सुरुया यांच्या १८२५च्या ‘योत्सुया काइदान’ या काबुकी नाटकात विष दिलेली ओइवा आरशासमोर केस विंचरते आणि फणीबरोबर केसांचे पुंजके हातात येतात. काबुकीत केस विंचरण्याचा प्रसंग एरवी शृंगाराचा. नांबोकूंनी तोच प्रसंग भीतीसाठी वापरला. तेव्हापासून आरसा, फणी आणि मोकळे केस एकत्र आले की जपानी प्रेक्षक सावध होतो. मोकळे केस पाहून आपल्याकडे लगेच ‘हडळ’ म्हटलं जातं, ते पूर्ण चूक नाही, पण हडळीची सगळी लक्षणं सादाकोवर लादली की गाडी घसरते. ती कोणाला झपाटत नाही, अंगात येत नाही, पिंपळावर राहत नाही, आणि मांत्रिकाशी तिचं काही बोलणं होऊ शकत नाही.

तिसरं दृश्य: वर्तमानपत्राची अक्षरं मुंग्यांसारखी वळवळतात. फ्रेम थांबवली की ‘उद्रेक’ हा शब्द वाचता येतो. त्यातून ज्वालामुखी, ज्वालामुखीतून ओशिमा बेटावरचा मिहारा डोंगर, आणि तिथून त्याच्या उद्रेकाचं भाकीत करणारी शिझुको. परक्या प्रेक्षकाला इथे फक्त एक धागा सापडल्यासारखं वाटतं, पण जपानी प्रेक्षकाच्या मनात मिहाराचं वजन आधीच असतं. १९३३ मध्ये टोकियोतल्या एका विद्यार्थिनीनं त्याच्या विवरात उडी घेतली आणि त्या वर्षभरात शेकडो माणसं त्याच विवरात जीव द्यायला गेली. शेवटी डोंगरावर पहारा बसवावा लागला. नोव्हेंबर १९८६ मध्ये मिहारा फुटला आणि बेटावरच्या सुमारे दहा हजार लोकांना बोटींनी हलवावं लागलं. चित्रपट आला तेव्हा त्याला फक्त अकरा वर्षं झाली होती. शिझुकोनं शेवटी त्याच विवरात उडी घेतली असं पात्रं सांगतात, तेव्हा जपानी प्रेक्षकाला डोंगराची ओळख करून द्यावी लागत नाही.

आवाजाचा धागा यातच येतो. कर्कश आवाजाखाली एक वाक्य दडलेलं आहे: ‘शोमोन बाक्कारि शितेइरु तो, बोकोन गा कुरु झो.’ ही ओशिमाची बोली. शोमोन म्हणजे पाण्यात खेळणं, बोकोन म्हणजे भूत. ‘नुसता पाण्यात खेळत बसलास तर भूत येईल हं!’ कोकणातल्या आईनं खाडीकाठी खेळणाऱ्या पोराला दम द्यावा, इतकं साधं वाक्य आहे. काही इंग्रजी सबटायटलमध्ये त्याला यमक जुळवून मंत्रासारखं केलंय, आणि त्यावरून ‘हा कुठला तरी तांत्रिक श्लोक आहे’ असे तर्क रंगतात. मंत्र नाही. चित्रपटात त्याचं पहिलं काम भाषेचं आहे, बोलीवरून बेट सापडतं. दुसरं काम हळूच होतं: समुद्रात काहीतरी आहे, ही कल्पना रुजते. पुढे सांगितलं जातं की शिझुको तासन् तास समुद्राकडे बघत बसायची आणि माणसांची नाही अशा भाषेत पुटपुटायची. मच्छीमार त्या समुद्राला अशुभ मानायचे, कारण दरवर्षी तो कोणाला तरी गिळायचा. मग र्‍यूजी एक वाक्य बोलून जातो की कदाचित सादाकोचा बाप माणूस नसेलच. बस, इतकंच. पटकथाकार हिरोशी ताकाहाशी ते पुढे नेत नाहीत. तुम्हीही नेऊ नका.

पाणी म्हणजे अवचेतन मन, विहीर म्हणजे गर्भाशय, असं वाचन सगळीकडे सापडतं. ते कुठल्याही चित्रपटाला लावता येतं, म्हणून इथे त्याचा उपयोग शून्य. या चित्रपटातलं पाणी अगदी ठोस आहे: ओशिमाभोवतीचा समुद्र, आणि जिथे टेप सापडते त्या इझू द्वीपकल्पावरच्या सुट्टीच्या बंगलीखालची विहीर. विहिरीतल्या बाईची जपानी आठवणही ठोस आहे: ओकिकू नावाची मोलकरीण, दहा ताटल्यांतली एक हरवली म्हणून विहिरीत मारून टाकलेली, रात्री विहिरीतून नऊपर्यंत मोजणारी. हिमेजी किल्ल्यात ‘ओकिकूची विहीर’ आजही दाखवतात. आपल्याकडे विहिरीशी साती आसरांची भीती जोडलेली असते, पण आसरा या पाण्याच्याच देवता. सादाको पाण्याची नाही. तिला पाण्यात टाकलेलं आहे. अर्थ लावताना हा फरक महत्त्वाचा.

सहावं दृश्य आधी घेतो. पडदाभर डोळा, आणि त्यात एक कांजी (चिनी लिपीतून आलेलं) अक्षर. उच्चार ‘सादा’, अर्थ निष्ठा, सचोटी, स्त्रीच्या बाबतीत पातिव्रत्य. सादाको या नावातलं पहिलं अक्षर. चित्रपटात त्याचं काम नावापर्यंत पोचवण्याचं आहे, आणि तिथे हा धागा संपायला हरकत नव्हती. पण हे नाव हवेतून आलेलं नाही.

१९१० च्या सुमारास टोकियो इम्पीरियल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ तोमोकिची फुकुराई अतींद्रिय दृष्टीवर प्रयोग करत होते. कुमामोतोकडची चिझुको मिफुने बंद पाकिटातलं वाचते असा त्यांचा दावा होता. सप्टेंबर १९१० मध्ये टोकियोत नामवंत प्राध्यापकांसमोर प्रयोग झाला. तिनं वाचलेली चिठ्ठी तपासनिसांनी दिलेली नव्हतीच असं निघालं, वर्तमानपत्रांनी लबाडीचा आरोप लावून धरला, आणि जानेवारी १९११ मध्ये चिझुकोनं विष घेतलं. तेव्हा ती २४ वर्षांची होती. फुकुराईंनी इकुको नागाओ या दुसऱ्या बाईबरोबर ‘नेन्शा’चेही प्रयोग केले: मनातली प्रतिमा फोटोच्या काचेवर नुसत्या इच्छेनं उमटवणं. इकुकोही १९११ मध्येच वारली. तिसरी बाई सादाको ताकाहाशी, नावाचं अक्षरही तेच. तिच्यावरचे प्रयोग फुकुराईंनी १९१३च्या पुस्तकात छापले आणि शेवटी त्यांना विद्यापीठ सोडावं लागलं.

आता चित्रपटातला तो प्रसंग पुन्हा बघा: मंचावर शिझुको, शेजारी डॉ. इकुमा, समोर पत्रकार, एक जण ‘लबाडी!’ म्हणून ओरडतो आणि कोसळून मरतो. शिझुको लहान सादाकोकडे बघते. हे चिझुको मिफुनेचं प्रकरण चाळीसेक वर्षं पुढे सरकवून, एक मृत्यू जास्त घालून मांडलेलं आहे. आणि टेप म्हणजे नेन्शा. काचेऐवजी व्हिडिओ टेप. ज्या बंगलीत ती सापडते ती बंगली नेमकी विहिरीवर बांधलेली, व्हीसीआर विहिरीच्या तोंडावर. ‘टेप कोणी बनवली?’ हा प्रश्न मग प्रश्न राहत नाही. आरशात कॅमेरावाला नसणं, पहिला शॉट तळातून असणं आणि नेन्शा, या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी येऊन मिळतात.

सातवं दृश्य: झाडीतली विहीर, लांबून. पहिल्यांदा हा शॉट काहीच न घडता तुटतो आणि आपल्याला वाटतं, टेप संपली. शेवटी र्‍यूजीच्या घरी टीव्ही आपोआप लागतो तेव्हा हाच शॉट, याच जागेवरून. फक्त या वेळी तो तुटत नाही. भीतीचं सगळं काम शॉटच्या लांबीनं केलंय. बाहेर येणाऱ्या हाताच्या बोटांना नखं नसतात, याचा खुलासा आधीच झालेला असतो: विहिरीच्या भिंतीत नखं रुतलेली सापडली होती, म्हणजे ती वर चढायचा प्रयत्न करत होती. तिची ती तुटक चाल अभिनेत्रीला उलटं चालायला लावून, मग फिल्म उलटी फिरवून मिळवलेली आहे. ‘ती उलटी चालते म्हणजे काळ उलटा फिरतो’ असं कोणी म्हणालं तर तो युक्तीचा अर्थ लावतोय, दृश्याचा नाही. चित्रीकरणाची क्लृप्ती आणि कथेतला पुरावा वेगवेगळ्या कागदांवर लिहा.

पायांवरून एक निरीक्षण. आपल्याकडे भुताचे पाय उलटे. जपानी चित्रकलेत, ओक्यो मारुयामांच्या (१७३३–१७९५) काळापासून तरी, भुताला पाय नसतातच, कंबरेखाली आकृती विरून जाते. ‘रिंगू’त भूत दोनदा फक्त पायांनी येतं. अंत्यविधीच्या घरात रेइकोच्या लहान मुलाला, योइचीला, जिन्यावरून वर धावणारे पाय दिसतात. र्‍यूजी बाकावर बसलेला असताना समोर एका बाईचे पाय येऊन थांबतात आणि तो खाली बघतच विचारतो, ‘तू केलंस का हे?’ ज्या अवयवानं भूत ओळखू येऊ नये त्यानंच ते दाखवलं आहे, असं माझं वाचन. त्याला चित्रपटात दुजोरा नाही, म्हणून पेन्सिलीनं लिहा. पण दोन्ही प्रसंगांचं कथेतलं काम पक्कं आहे: योइची आणि त्याचा बाप, दोघांनाही दिसतं. पुढे योइची टेप का बघतो याचं उत्तर तिथे पेरलेलं आहे. तोमोकोनं (रेइकोच्या भाचीनं) सांगितलं, असं तो म्हणतो, आणि तोमोको तर मेलेली असते.

आता खरा सापळा. दिवसांच्या पाट्या पडद्यावर येतात, त्या लिहून घ्या. रेइकोनं टेप बंगलीत पाहिली. र्‍यूजीनं दुसऱ्या दिवशी, तिच्या घरी. म्हणजे मुदतीत एक दिवसाचा फरक. दोघं विहिरीत उतरतात, बादल्यांनी पाणी उपसतात, रेइकोच्या हाती कवटी लागते, केस सरकून गळतात, ती कवटी छातीशी धरते. तिची वेळ टळून गेलेली असते आणि ती जिवंत असते. सगळ्यांची खात्री पटते: अस्थी मिळाल्या, आत्म्याला गती मिळाली. मराठी प्रेक्षकाला तर हे दहाव्याला कावळा शिवल्यासारखं वाटतं, मोकळा श्वास टाकतो. जपानी प्रेक्षकाचीही अपेक्षा तीच असते. ९०३ मध्ये हद्दपारीत मेलेल्या मिचिझाने सुगावाराच्या कोपानं राजवाड्यावर वीज पडली असं मानलं गेलं, आणि त्याला देव करून देवळं बांधली तेव्हा तो शांत झाला. आज परीक्षेआधी विद्यार्थी त्याच्याच पाया पडतात. कोपलेल्या मृताला मान द्या, तो निवतो, ही त्या परंपरेची मूळ अट. नाकाता विहिरीचा प्रसंग इतक्या हळुवारपणे घेतात की आपण घड्याळ विसरतो. दुसऱ्या दिवशी र्‍यूजी मरतो.

इथे एक बारीक गोष्ट. शाप लागलेल्यांचे फोटोत चेहरे विस्कटलेले येतात, हे त्यांना माहीत असतं. र्‍यूजीनं पोलरॉइडनं रेइकोचा फोटो काढून खात्रीही केलेली असते. विहिरीतून वर आल्यावर दोघांचा एकेक फोटो काढला असता तर कळलं असतं. कोणी काढत नाही. याला पटकथेतली चूक म्हणणारे आहेत. मला ती नेमकी जागा वाटते. ज्याला उत्तर सापडलंय असं वाटतं तो पुन्हा तपासत नाही.

आणि आता पाचवं दृश्य. समुद्रकाठी उभा माणूस, डोकं-तोंड कापडानं झाकलेलं, हात बाजूला केलेला, बोट चौकटीबाहेर. तपासात रेइको आणि र्‍यूजी बाकी धागे पकडतात, हा सोडून देतात. जपानमध्ये मृताच्या चेहऱ्यावर पांढरं कापड टाकतात, त्यामुळे हा कोणी मेलेला आहे इतकं तिथल्या प्रेक्षकाला जाणवतं. र्‍यूजीच्या मृत्यूनंतर रेइको घरी बसून विचार करत असते: मी असं काय केलं जे त्यानं केलं नाही? बंद टीव्हीच्या काचेत तिला तोच माणूस मागे उभा दिसतो, बोट दाखवत. बोट तिच्या बॅगकडे. बॅगेत टेपची कॉपी. तिनं कॉपी करून दुसऱ्याला दाखवली होती, र्‍यूजीनं नाही.

तो र्‍यूजीच का? बऱ्याच जणांना तसं वाटतं, आणि ते बसतंही: नुकताच मेलेला, मदत करू बघणारा. पण मग तो जिवंत असताना बनलेल्या टेपवर कसा, हे अडतं. चित्रपट नाव सांगत नाही. नावापेक्षा त्याचं काम बघा. टेपवरची जी पाच दृश्यं दोघांनी सोडवली त्यांनी त्यांना सादाकोपर्यंत, तिच्या दुःखापर्यंत, हाडांपर्यंत नेलं. सगळी उत्तरं बरोबर होती आणि त्यातलं एकही उत्तर शाप थांबवत नव्हतं. शापाची अट न सोडवलेल्या दृश्यात होती, आणि तिथे सोडवायचं काहीच नव्हतं. तो माणूस कशाचंही प्रतीक नाही. तो फक्त दाखवतो. टेपवरची ही एकच आकृती टेपच्या बाहेर येऊन उपयोगी पडते. सादाको बाहेर येते ती मारायला. म्हणून ‘टेपचा अर्थ काय’ या प्रश्नाला चित्रपटाचंच उत्तर कठोर आहे: टेप समजून घेण्यासाठी नाही, पुढे पाठवण्यासाठी आहे. रेइको शेवटी टेप आणि व्हीसीआर गाडीत टाकून वडिलांकडे निघते. योइचीला वाचवायचं तर कोणाला तरी दाखवावी लागणार. ‘रिंग’ हे नाव फोनच्या घंटीचं की विहिरीच्या तोंडाचं यावर वाद चालतो, पण त्या गाडीत बसल्यावर ते या न संपणाऱ्या फेऱ्यालाही लागू पडतं.

चौथं दृश्य उरलं. खडकाळ जागेवर माणसं सरपटतायत, काही मागच्या दिशेनं, आणि कण्हल्यासारखा आवाज. उद्रेकातून पळणारे? विवराकडे जाणारे? समुद्रातून आलेले? हिरोशिमाचं नावही घेतलं जातं, पण त्याला चित्रपटात कणभर आधार नाही. मिहाराला थोडा आहे, कारण आधीच्याच दृश्यात ‘उद्रेक’ हा शब्द आहे; पण शेजारी असणं म्हणजे नातं असणं नव्हे. ही माणसं पुढे कुठेही दिसत नाहीत, कोणी त्यांच्याबद्दल बोलत नाही, र्‍यूजीसुद्धा नाही. कागदावर चौथ्या ओळीचा तिसरा रकाना कोरा राहील, तो कोराच ठेवा.